डायलिसिसवरील रुग्णाची हृदयशस्त्रक्रिया : डायलिसिस केव्हा, किती आणि कोणी ठरवायचे?

अनुबंध (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वडील काही वर्षांपासून हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनमधून रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर आहेत. आठवड्यातून तीन वेळा, डाव्या दंडातील फिस्टुलातून (धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गातून), प्रत्येकी चार तासांचे डायलिसिस असते. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले असून बायपास सुचवली आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही हा प्रश्न आमच्यापुरता जवळजवळ सुटला आहे. तिच्या आगेमागे डायलिसिसचे काय करायचे, हे मात्र कळत नाही. मूत्रपिंडतज्ज्ञ म्हणतात, आदल्या दिवशी डायलिसिस करून ड्राय वेटपर्यंत, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापर्यंत आणू. भूलतज्ज्ञ म्हणतात, फार कोरडे करून पाठवू नका. सर्जन म्हणतात, पाण्याची चिंता नको, ते हार्ट-लंग मशीनवर (शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर) काढता येते. तिघेही अनुभवी आहेत आणि ज्याचे ऐकावे त्याचे पटते, हीच अडचण आहे. निर्णय त्यांचाच राहील. मला त्यामागची कारणे समजून घ्यायची आहेत. जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया लिहावे.

चौकस

तिघांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावावी आणि एकमत झाल्याशिवाय उघडू नये, हा माझा अवैद्यकीय सल्ला आहे. उत्तरांच्या प्रतीक्षेत.

गाळणी

मी मूत्रपिंडविकार विभागात काम करतो, त्यामुळे माझे झुकते माप कोणाकडे आहे हे आधीच सांगून टाकतो.

नियोजित शस्त्रक्रियेसाठी आदल्या दिवशी डायलिसिस करण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तिला कारणे आहेत. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपारिनचा परिणाम काही तासांत ओसरतो. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी असली की तो प्रश्न उरत नाही. त्याच सकाळी डायलिसिस केले तर रुग्ण थकलेला, रक्तदाब खाली आलेला आणि शरीरातील क्षार अजून जागेवर न बसलेले, अशा अवस्थेत थेट भुलीच्या टेबलावर जातो. याउलट दोन-तीन दिवसांचे अंतर पडले की पोटॅशियम आणि पाणी दोन्ही साचतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांना दर आठवड्याला एक मोठी सुट्टी मिळते आणि त्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे 2011 साली एका मोठ्या अभ्यासात स्पष्ट झाले होते. शस्त्रक्रियांच्या बाबतीतही शेवटचे डायलिसिस जितके मागे, तितका धोका जास्त, असे 2022 मधील अभ्यासात दिसले. म्हणून सर्जनने तारीख दिली की मी पहिला प्रश्न विचारतो तो वाराचा. मोठ्या सुट्टीच्या दुसऱ्या टोकाला शस्त्रक्रिया ठेवली असेल, तर मधल्या दिवशी जादा डायलिसिस लावावे लागते.

आणखी एक गोष्ट. डायलिसिस संपल्या संपल्या काढलेल्या रक्तातील पोटॅशियम फसवे असते. मशीन ते रक्तातून भराभर काढते, परंतु शरीरातील बहुतांश पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि पुढच्या काही तासांत ते बाहेर येऊन आकडा पुन्हा चढतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळचा नमुनाच ग्राह्य धरावा.

नाडीपरीक्षा

गाळणी यांच्याशी वेळेबाबत पूर्ण सहमत, परंतु ‘ड्राय वेटपर्यंत’ या शब्दांपाशी थांबतो. मी भूलतज्ज्ञ आहे.

भूल देताना वापरली जाणारी बहुतेक औषधे रक्तवाहिन्या सैल करतात. ज्याच्या रक्तवाहिन्यांत पुरेसे पाणी आहे त्याचा रक्तदाब थोडा उतरतो आणि सावरतो. डायलिसिसवरील रुग्णाचे हृदय बहुधा जाड भिंतीचे आणि ताठर असते; ते भरण्यासाठी त्याला पुरेसा दाब लागतो. आदल्या दिवशी शेवटचा थेंब पिळून काढलेला असा रुग्ण भुलीच्या पहिल्या पाच मिनिटांत कोसळतो. आधीच अरुंद झालेल्या हृदयवाहिन्या असताना ती पाच मिनिटे फार महाग पडतात. महाधमनीची झडप अरुंद असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून माझी विनंती असते की ठरलेल्या ड्राय वेटच्या किंचित वर थांबा, परंतु फुप्फुसात पाणी असलेला रुग्णही पाठवू नका.

औषधांचा मुद्दाही येथेच नोंदवतो, कारण नातेवाइकांना तो सहसा सांगितला जात नाही. मॉर्फिनचे शरीरात जे रूपांतर होते ते मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. मूत्रपिंड बंद असेल तर ते साचत राहते आणि रुग्ण दुसऱ्या दिवशीही गुंगीत, मंद श्वास घेत पडून राहतो. फेंटानिल त्या मानाने सुरक्षित असते. स्नायू सैल करण्यासाठी सिसअॅट्राक्युरियम पसंत केले जाते, कारण ते रक्तातच आपोआप विघटित होते. रक्तस्राव कमी करण्यासाठी दिले जाणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्लही मूत्रपिंडावाटे जाते आणि नेहमीच्या मात्रेत दिले तर शस्त्रक्रियेनंतर झटके येऊ शकतात. मात्रा कमी करावीच लागते. हृदयाचे आकुंचन वाढवणाऱ्या मिल्रिनोनबाबतही तेच.

गाळणी

नाडीपरीक्षा, ‘किंचित वर’ म्हणजे किती, हे तुमच्यापैकी कोणी लिहून देत नाही, ही आमच्या विभागाची जुनी तक्रार आहे. दूरध्वनीवर ‘जरा ओला ठेवा’ असे सांगितले जाते आणि आमचा तंत्रज्ञ त्याचा अर्थ आपापल्या परीने लावतो.

नाडीपरीक्षा

तक्रार रास्त आहे. परंतु ड्राय वेट हा आकडा तुम्ही तरी कधी ठरवला होता, हेही पाहावे लागते. पुष्कळदा तो कित्येक महिन्यांपूर्वीचा असतो. तुमचा आकडा, त्या आठवड्यातील छातीची सोनोग्राफी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) हे तिन्ही समोर ठेवून आपण दोघांनी बोलले पाहिजे.

चौकस

कडी लावायची कल्पना बरी होती, असे दिसते.

पंपावरचा

धाग्यात सर्जन, भूलतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ आले. हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टची आठवण नेहमीप्रमाणे कोणाला झाली नाही. ‘ते मशीनवर काढता येते’ हे सर्जनचे वाक्य प्रत्यक्षात आम्ही निभावतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मशीनच्या नळ्या सुरुवातीला द्रवाने भरलेल्या असतात. प्रौढांसाठी तो साधारण एक ते दीड लिटर असतो आणि मशीन सुरू झाले की रुग्णाच्या रक्तात मिसळतो. निरोगी मूत्रपिंडे ते जादा पाणी पुढच्या दोन दिवसांत लघवीवाटे काढून टाकतात. येथे तो मार्ग बंद आहे. शिवाय या रुग्णांचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते, त्यामुळे रक्त पातळ झाल्याचा परिणाम अधिक जाणवतो. आम्ही शक्य तितक्या आखूड नळ्या वापरतो आणि मशीन सुरू करताना रुग्णाचेच रक्त उलट दिशेने नळ्यांत घेऊन आतला द्रव बाहेर काढून टाकतो. त्यानंतरही जे उरते त्यासाठी सर्किटला हिमोफिल्टर जोडलेला असतो. त्यातून पाणी सलग काढता येते.

पोटॅशियमची कथा वेगळी आहे. हृदय थांबवण्यासाठी जो द्राव हृदयवाहिन्यांत सोडतात त्यातील मुख्य घटक पोटॅशियमच असतो. म्हणजे ज्या रुग्णाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, त्यालाच ते द्यावे लागते. त्याशिवाय दिलेले रक्त जितके जुने, तितके त्याच्या पिशवीत पोटॅशियम अधिक. म्हणून या रुग्णांसाठी ताजे किंवा धुतलेले रक्त मागितले जाते. नुसते पाणी काढल्याने पोटॅशियमचा आकडा खाली येत नाही, कारण पाण्याबरोबर ते त्याच प्रमाणात जाते. त्यासाठी हिमोफिल्टरमधून जितके काढले तितकाच पोटॅशियमविरहित द्रव दुसऱ्या बाजूने आत देत राहावे लागते. हे काम तासभर शांतपणे करता येते. सर्जनने महाधमनीवरील चिमटा काढायला पाच मिनिटे उरली असताना पोटॅशियम सहाच्या वर गेल्याचे लक्षात आले, तर मात्र सर्वांचेच चेहरे पाहण्यासारखे होतात. म्हणून आम्ही पोटॅशियमही दाखवणारी रक्तवायूची तपासणी नेहमीपेक्षा अधिक वेळा करतो.

एक बारकावा असा की चालू फिस्टुला ही मशीनच्या दृष्टीने गळती असते. आम्ही मिनिटाला पाच लिटर पाठवत असलो तरी त्यातील बराचसा भाग फिस्टुलातून थेट शिरेत परत येतो आणि अवयवांपर्यंत पोहोचतच नाही. प्रवाह वाढवून घ्यावा लागतो, आणि दाब कमी का दिसतो याचे उत्तर तेथे शोधावे लागते.

मोजपट्टी

पंपावरचा यांचा प्रतिसाद छापून ठेवण्याजोगा आहे.

धागाकर्त्याने शस्त्रक्रियेचा निर्णय ‘जवळजवळ’ झाला असे लिहिले आहे म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. हृदयशस्त्रक्रियेतील मृत्यूचा धोका डायलिसिसवरील रुग्णांत इतरांच्या कित्येक पट असतो, यावर दुमत नाही. परंतु युरोस्कोर २ या प्रचलित धोकामापन पद्धतीत एक गंमत आहे : डायलिसिसवरील रुग्णाला जे गुण मिळतात, ते मूत्रपिंडाचे कार्य अतिशय खालावलेल्या पण डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णापेक्षा कमी आहेत. तेव्हा कोणी संगणकावर आकडा काढून दाखवला, तर तो अंतिम मानू नये.

दुसरी गोष्ट 2020 साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया-सीकेडी चाचणीची. मूत्रपिंडविकार बळावलेल्या 777 रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक डायलिसिसवर होते. त्रास स्थिर असलेल्या अशा रुग्णांत सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करण्याचा, केवळ औषधोपचारांच्या तुलनेत, मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका टाळण्यात फायदा आढळला नाही.

टाके

मोजपट्टी, चाचणी बरोबर सांगितली, पण तिच्यात कोण नव्हते तेही सांगायला हवे. डाव्या मुख्य हृदयवाहिनीत गंभीर अडथळा असलेले, हृदयाची पंप करण्याची क्षमता खूप कमी झालेले आणि अस्थिर छातीदुखीचे रुग्ण तिच्यातून वगळले होते. बायपाससाठी आमच्याकडे पाठवले जाणारे पुष्कळ रुग्ण नेमके याच गटांतले असतात. स्टेंट की बायपास, याची डायलिसिसवरील रुग्णांत थेट चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी नाही. उपलब्ध नोंदींचा कल असा की सुरुवातीचे काही महिने बायपासचा धोका अधिक असतो आणि जे त्यातून तरतात त्यांना पुढे अधिक लाभ होतो. म्हणजे प्रश्न असा की रुग्णाकडे ‘पुढे’ किती आहे. त्याचे वय, त्याची हालचाल, प्रत्यारोपणाची शक्यता, या गोष्टी अँजिओग्राफीच्या चित्रात दिसत नाहीत.

आता धागाकर्त्याच्या पहिल्या परिच्छेदातील ज्या शब्दांवर अजून कोणी थांबले नाही, त्याकडे वळतो : डाव्या दंडातील फिस्टुला.

बायपासमध्ये सर्वांत टिकाऊ मानली जाणारी धमनी म्हणजे छातीच्या आतील डावी धमनी. ती निघते डाव्या हाताला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीतून. त्याच हाताच्या दंडात मोठ्या प्रवाहाचा फिस्टुला असेल, तर तो रक्त स्वतःकडे ओढतो, आणि हृदयाला जोडलेल्या धमनीतील प्रवाह कमी होऊ शकतो, प्रसंगी उलटही फिरतो. असा रुग्ण डायलिसिस सुरू झाले की छातीत दुखते असे सांगतो. मनगटाजवळच्या फिस्टुलात हा धोका कमी, दंडातील फिस्टुलात अधिक. उपाय आहेत : फिस्टुलाचा प्रवाह मोजणे, दोन्ही हातांच्या रक्तदाबातील फरक व मूळ धमनीतील अरुंदपणा पाहणे, उजव्या बाजूची धमनी वापरणे, किंवा डावीच धमनी मुळापासून सोडवून महाधमनीला जोडणे. परंतु हे सर्व आधी ठरवायचे असते. कृपया सर्जनना हा प्रश्न स्पष्टपणे विचारा.

मनगटातील धमनी बायपाससाठी काढू नये, हेही ओघाने आलेच. उद्या हा फिस्टुला बंद पडला तर दुसरा करायला तीच लागणार आहे.

अनुबंध (धागाकर्ता)

टाके, फिस्टुलाच्या बाजूचा मुद्दा आम्हाला कोणीही सांगितला नव्हता. उद्याच विचारतो. धडधडत्या हृदयावर, म्हणजे मशीनशिवाय बायपास केली, तर पाणी आणि पोटॅशियमचा निम्मा प्रश्न आपोआप सुटत नाही का?

टाके

काही अंशी सुटतो, आणि म्हणूनच अनेक केंद्रे ते पसंत करतात. महाधमनीची भिंत चुन्याने कडक झाली असेल, आणि या रुग्णांत ती पुष्कळदा असते, तर तिला चिमटा न लावणे हा मेंदूच्या दृष्टीने मोठा फायदा असतो. परंतु जाड, ताठर हृदय उचलून मागच्या बाजूच्या वाहिनीवर टाके घालायचे तर ते उचलणेच त्याला सोसत नाही आणि रक्तदाब कोसळतो. मग दाब टिकवायला भरपूर द्रव दिला जातो आणि जे पाणी वाचवायला निघालो होतो तेच शिरेतून आत जाते. ज्या हाताला जी पद्धत रोजची आहे, त्या हाताने तीच करावी, या मताचा मी आहे.

पंपावरचा

वरील प्रतिसाद एका सर्जनने लिहिला आहे, यावर विश्वास बसत नाही. सहमत.

मुक्तछंद

थोडे विषयाजवळचे अवांतर. विलेम कोल्फ यांनी 1940 च्या दशकात फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड बनवले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की पडद्यातून जाणारे काळपट रक्त बाहेर येताना लालभडक होते, म्हणजे त्याला प्राणवायू मिळतो. त्यातून पुढे ते पडद्याच्या ऑक्सिजनेटरच्या कामाकडे वळले. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या साह्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1953 मध्ये केली. कामाची दिशा निराळी असली तरी दोन्ही यंत्रांचे नाते जवळचे आहे. ती चालवणारे विभाग एकमेकांशी दूरध्वनीवरच बोलतात, हे नंतरचे.

फिस्टुलाधारी

मी स्वतः रुग्ण आहे. डायलिसिस सुरू असताना माझी महाधमनीची झडप बदलली गेली. बाकीचे तांत्रिक तपशील येथे आलेच आहेत. मी हाताबद्दल लिहितो.

भर्ती होताच मी फिस्टुलाच्या हातावर ‘सुई नको, पट्टा नको’ असे मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. हास्यास्पद वाटेल, पण शस्त्रक्रियागृहात रुग्ण बेशुद्ध असतो आणि घाईच्या वेळी समोर फुगलेली ठसठशीत शीर दिसली की सुई तिकडेच वळते. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा दुसरा हात फिस्टुलावर ठेवला. थरथर लागली तेव्हाच मला शस्त्रक्रिया पार पडल्याचे खरे वाटले. शस्त्रक्रियेत रक्तदाब बराच वेळ कमी राहिला किंवा हात अंगाखाली दाबला गेला तर फिस्टुला गोठू शकतो, हे मला आधीच सांगितले होते.

झडप कृत्रिम धातूची घ्यावी की प्राणिजन्य, यावर आमच्या घरी बराच खल झाला. डायलिसिसवर प्राणिजन्य झडप लवकर चुन्याने भरते, म्हणून धातूचीच घ्यावी, असे एका नातेवाइकाने ठामपणे सांगितले होते.

टाके

ते नातेवाईक 1998 साली बरोबर ठरले असते. त्या वर्षीच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत डायलिसिसवरील रुग्णांना धातूची झडप सुचवली होती. पुढे 2002 मध्ये मोठ्या नोंदींवरून असे दिसले की दोन प्रकारच्या झडपांत जगण्याच्या काळात फरक पडत नाही, आणि 2006 च्या आवृत्तीतून ती शिफारस काढून टाकली गेली. धातूच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन कायमचे घ्यावे लागते; डायलिसिसवरील रुग्णात त्याने रक्तस्राव वाढतो, आणि त्वचेतील रक्तवाहिन्या चुन्याने बुजून होणारा कॅल्सिफिलॅक्सिस हा भयंकर विकार होण्याचा धोकाही वाढतो. आता निर्णय रुग्णागणिक होतो. छाती न उघडता मांडीतून झडप बसवण्याचा पर्यायही पुष्कळांसाठी खुला झाला आहे.

पोटातले_पाणी

येथे सर्व चर्चा हिमोडायलिसिसची चालली आहे. पेरिटोनियल डायलिसिसवर, म्हणजे पोटात द्रव सोडून केल्या जाणाऱ्या डायलिसिसवर असलेल्यांनी काय करायचे? माझ्या आईचे तेच सुरू आहे.

गाळणी

पेरिटोनियल डायलिसिस थांबवलेच पाहिजे असे नाही. शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी पोटातील द्रव पूर्ण काढून टाकतात, म्हणजे श्वासपटल वर ढकलले जात नाही. नंतर कमी मात्रेच्या आवर्तनांनी सुरुवात करतात. रक्तदाबावर ताण येत नाही आणि हेपारिन लागत नाही, हे या पद्धतीचे मोठे गुण आहेत. श्वासपटलाला कुठे छेद गेला असेल तर पोटातील द्रव छातीत शिरतो, त्यामुळे पहिल्या काही आवर्तनांनंतर श्वास वाढला तर तो संशय घ्यावा. द्रवातील ग्लुकोजमुळे रक्तातील साखर चढते, तिच्याकडेही लक्ष लागते. तसेच जठराजवळची धमनी बायपाससाठी घेण्याचा विचार असेल, तर पोट उघडावे लागेल, म्हणून सर्जनला आधी कल्पना द्यावी.

रात्रपाळी

हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात मी परिचारिका आहे. ‘शस्त्रक्रियेनंतर पहिले डायलिसिस केव्हा’ हा मूळ प्रश्नाचा तिसरा भाग अजून अनुत्तरित आहे, म्हणून लिहिते.

ठरावीक तास सांगता येत नाही. रुग्ण स्थिर असेल, पोटॅशियम आटोक्यात असेल, छातीतल्या नळीतून येणारे रक्त कमी झाले असेल, तर साधारण पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी डायलिसिस केले जाते. आम्ही मुद्दाम घाई करत नाही, कारण युरियामुळे या रुग्णांच्या प्लेटलेट्स संख्येने पुरेशा असूनही नीट चिकटत नाहीत आणि रक्त झिरपत राहते. त्यासाठी डेस्मोप्रेसिन देतात. त्याचा परिणाम काही तासच टिकतो आणि पुन्हा पुन्हा दिल्यास कमी होत जातो.

पहिले डायलिसिस हेपारिनशिवाय होते. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी शंभर-दोनशे मिलिलिटर सलाइन सोडून फिल्टर धुतात. चार तासांत हे सलाइनच दीड-दोन लिटर होऊ शकते आणि ते रुग्णाच्या अंगातच जाते. ‘दोन लिटर काढा’ असा आदेश असेल आणि सलाइनचा हिशेब मशीनच्या लक्ष्यात मिळवला नसेल, तर चार तासांच्या खटाटोपानंतर रुग्ण होता तितकाच ओला राहतो. हा हिशेब मी खाटेच्या टोकाला अडकवलेल्या कागदावर लिहिते, कारण पाळी बदलताना नेमकी तीच गोष्ट सांगायची राहते.

रक्तदाब टिकवायला दोन-तीन औषधे चालू असतील तर नेहमीचे डायलिसिस सोसत नाही; तेव्हा चोवीस तास संथ गतीने चालणारे, सीआरआरटी नावाचे डायलिसिस लावतात. त्यात प्रतिजैविके सतत बाहेर जात असतात, त्यामुळे ‘मूत्रपिंड बंद आहे म्हणून मात्रा कमी’ हा नियम तेथे उलटा पडू शकतो.

आणि एक धोक्याची खूण : डायलिसिस सुरू होताच रक्तदाब पडला की सर्वांना वाटते, पाणी जास्त काढले. हृदयाच्या आवरणात रक्त साचूनही हेच दिसते, आणि नळीतून येणारे रक्त एकाएकी थांबले असेल तर ती आनंदाची बातमी नसते. लगेच इको करून घ्यावा लागतो.

नाडीपरीक्षा

रात्रपाळी यांना पूर्ण अनुमोदन. त्यात एवढेच जोडतो की पोटॅशियम वाढले की तात्पुरत्या पेसमेकरच्या तारा हृदयाला पकडेनाशा होतात. पेसमेकर ठोके देतो आहे पण हृदय प्रतिसाद देत नाही, असे दिसले तर मशीन बदलण्यापूर्वी पोटॅशियम पाहावे. कॅल्शियम, इन्सुलिन-ग्लुकोज हे उपाय वेळ मिळवून देतात. पोटॅशियम शरीराबाहेर काढतात ते डायलिसिसच.

गाळणी

आणि ते काढतानाही सबुरी हवी. आकडा सहाच्या वर दिसला की अगदी कमी पोटॅशियमचा द्रव लावून झटकन उतरवण्याचा मोह होतो. नुकतेच टाके घातलेले हृदय अशा उतारात अनियमित धडधडू लागते.

चौकस

एक प्रामाणिक शंका. रक्त द्यावे लागले तर द्यावे, त्यात एवढा विचार कसला? वर एकाने ताज्या रक्ताचे लिहिले आहे, पण मूत्रपिंडतज्ज्ञ रक्त देण्याच्याच विरोधात असतात असे ऐकले.

गाळणी

विरोधात नसतात, हात आखडता घेतात. दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते. म्हणून वेळ असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच लोह आणि रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन देऊन हिमोग्लोबिन सावरून घ्यावे, परंतु ते फार वर चढवू नये. त्यात रक्त गोठण्याचे धोके असतात. टेबलावर रक्त लागलेच तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेले मागावे. जीव वाचवण्यासाठी लागणारे रक्त प्रत्यारोपणाच्या भीतीने कोणी अडवत नाही.

अनुबंध (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थोडी माहिती देतो. तिन्ही डॉक्टरांची एकत्र भेट झाली (कडी न लावता). फिस्टुलाचा प्रवाह मोजण्याचे ठरले असून तो पाहून कोणती धमनी घ्यायची ते ठरेल. शस्त्रक्रियेचा वार बदलला आहे; आधीचा वार मोठ्या सुट्टीनंतरचा होता. आदल्या दिवशी डायलिसिस होईल आणि त्यात किती वजनावर थांबायचे तो आकडा भूलतज्ज्ञांनी स्वतः कागदावर लिहून दिला. आता माझा शेवटचा प्रश्न घरी आल्यानंतरचा आहे. नेहमीच्या केंद्रावर डायलिसिस पुन्हा सुरू होईल तेव्हा तेथील लोकांना काय सांगावे?

गाळणी

हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

जुने ड्राय वेट त्यांच्या फाइलमधून रद्द करून घ्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर भूक मंदावते, स्नायू झिजतात आणि काही आठवड्यांत रुग्णाचे खरे वजन काही किलोंनी घटते. काट्यावर मात्र जुनाच आकडा दिसतो, कारण गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. केंद्रावरचे तंत्रज्ञ वजन बघून ‘आज जादा पाणी नाही’ म्हणतात आणि रुग्ण रात्री उशांना टेकून बसून झोपतो. फुप्फुसाभोवती पाणी साचून पुन्हा भर्ती झालेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतील कित्येकांना हृदयाचा नवा आजार नव्हता, वजनाचा आकडा जुना होता. पहिले काही आठवडे प्रत्येक वेळी पायांची सूज, श्वास आणि रक्तदाब पाहून थोडे थोडे खाली जावे लागते. याची उलट बाजूही आहे : भूक परतली आणि अंगावर मांस चढू लागले की तोच आकडा पुन्हा वर न्यावा लागतो, नाहीतर डायलिसिसमध्ये पेटके येतात आणि रक्तदाब पडतो.

डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या डायलिसिसनंतरचे वजन, हेपारिन द्यायचे की नाही, रक्त पातळ करणारी कोणती औषधे चालू आहेत, आणि बंद केलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या, हे लिहून घ्या. हा कागद कोणाच्या हाती पाठवू नका, पहिल्या दिवशी स्वतः घेऊन जा.

रात्रपाळी

आणि छातीचे हाड जुळेपर्यंत डायलिसिसच्या खुर्चीतून उठताना त्यांना हातांवर जोर देऊन उठू देऊ नका. केंद्रावरचे लोक सवयीने दंडाला धरून उठवतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

फिस्टुलाधारी

यावर माझा उपाय असा होता की पायाच्या बाजूने खुर्ची खाली करायला सांगायची आणि सर्वांची घाई संपेपर्यंत बसून राहायचे. तुम्हाला शुभेच्छा. प्रवाहाचा अहवाल आला की येथे जरूर लिहा. टाके यांचे त्यावरचे मत मलाही वाचायचे आहे.